जिव्हारी लागले, म्हणजे नेमके कुठे लागले?

प्रश्न : माझे वय ४८. मी मुलुंडला राहते आणि फोर्टमधील एका कार्यालयात नोकरी करते. गेली अकरा वर्षे सकाळच्या ८.१४ च्या गाडीला महिलांच्या डब्यात आमचा सात जणींचा ग्रुप होता. जागा धरून ठेवणे, घरून आणलेले वाटून खाणे, दसऱ्याला डबा सजवणे, संक्रांतीनंतरचे हळदीकुंकू, हे सारे आम्ही मिळून केले. जूनपासून माझी कामाची वेळ बदलली आणि मी ९.०२ ची गाडी पकडू लागले. गणपती झाल्यावर एकीच्या स्टेटसवर बाकीच्या सहा जणी अलिबागला गेल्याचे फोटो दिसले आणि मग कळले की मला वगळून त्यांनी नवा व्हॉट्सॲप ग्रुप केला आहे. जुन्या ग्रुपवर शेवटचा संदेश माझाच आहे : "कोणी बोलत का नाही गं?" त्या रात्री मला जेवण गेले नाही; छातीत खरोखरच आवळल्यासारखे झाले. मुलगा मानसशास्त्र शिकतो. तो म्हणाला, "आई, शरीराला दुखते तेव्हा मेंदूचा जो भाग काम करतो, तोच वगळले गेल्यावरही करतो, बस्स." दीर म्हणाले, "आदिमानव टोळीबाहेर पडला की मरायचा, त्याचा हा अवशेष." आईचे म्हणणे, मी पहिल्यापासूनच हळवी, रत्नागिरीहून परळच्या शाळेत आले तेव्हा मुली माझ्या बोलण्याला हसायच्या आणि मी मधल्या सुट्टीत एकटी बसायचे. यजमान म्हणाले, "गाडीतल्या ओळखी त्या, कशाला मनाला लावून घेतेस?" या चौघांपैकी खरे कोण?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : विषय थोडा बाजूला ठेवून आधी एक सांगते. छातीत आवळणे त्या एका रात्रीपुरते होते की नंतरही झाले, हे आपण लिहिलेले नाही. आपल्या वयाच्या बायका असे दुखणे 'मनाचे' म्हणून सर्रास अंगावर काढतात. ते पुन्हा झाले, विशेषतः जिना चढताना किंवा गाडीसाठी धावताना झाले, तर आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्यावा. मनाचा विचार त्यानंतरही करता येतो.

आता मूळ प्रश्न. "चौघांपैकी खरे कोण" असे विचारताना, चौघेही एकाच प्रश्नाचे उत्तर देत आहेत असे आपण धरून चालला आहात, आणि गफलत तिथेच आहे. आपल्या रोजच्या गाडीचेच पाहा. जुलैतल्या एखाद्या सकाळी कुर्ला आणि शीवच्या मध्ये गाडी उभी राहते आणि डब्यात कोणीतरी विचारते, का थांबली गं? एक म्हणते, मोटरमनने ब्रेक लावला. दुसरी म्हणते, सिग्नल लाल आहे. तिसरी सांगते, पुढे रुळांवर पाणी आहे. आणि जिचे सारे आयुष्य कुर्ल्यात गेले अशी चौथी म्हणते की हा भागच मुळात सखल, शेजारी मिठी नदी, त्यात भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की पाण्याला जायला वाट उरत नाही. चौघीही खरे बोलत असतात आणि त्यावरून डब्यात कधी भांडण झाल्याचे मी पाहिलेले नाही. भांडण होईल ते पहिली जर म्हणाली, "ब्रेक लावला, बस्स, पाण्याचे कशाला सांगता?" तर. आपल्या चिरंजीवांचे बाकीचे वाक्य मला मान्य आहे. हा 'बस्स' मात्र खटकला.

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी ही वाटणी केव्हाच करून ठेवली आहे. निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात असे मांडले की कोणत्याही वर्तनाबद्दलचा 'का' हा प्रत्यक्षात चार प्रश्नांचा जुडगा असतो : ते घडवणारी यंत्रणा कोणती, त्या जीवाच्या स्वतःच्या आयुष्यात ते कसे घडत गेले, तगून राहायला त्याचा उपयोग काय, आणि वंशाच्या इतिहासात ते आले कुठून. (टिनबर्गन यांना १९७३ मध्ये कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.) आपल्या घरात पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलाने दिले आणि दुसऱ्याचे आपल्या मातोश्रींनी. दिरांनी तिसऱ्या आणि चौथ्याचे एकत्रच देऊन टाकले. यजमानांनी यांपैकी कशाचेच उत्तर दिलेले नाही. तो सल्ला आहे, प्रश्नचिन्ह लावून दिलेला.

मुलगा ज्या संशोधनाबद्दल बोलतो त्याची सुरुवात एका बागेत झाली. किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ आपल्या कुत्र्याला घेऊन बसले असताना दोन अनोळखी माणसांची फ्रिसबी, म्हणजे फेकायची प्लास्टिकची तबकडी, त्यांच्याकडे आली. त्यांनी ती परत फेकली. त्या दोघांनी पुन्हा त्यांच्याकडे टाकली आणि काही मिनिटे तिघांचा खेळ छान चालला. मग काही न बोलता ते दोघे पुन्हा एकमेकांकडेच फेकू लागले. विल्यम्स उभेच. ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशा दोघांनी एक तबकडी टाकली नाही, एवढ्यावरून आपल्याला इतके का लागावे, याचे त्यांना नवल वाटले आणि या प्रसंगावरून त्यांनी प्रयोगच बेतला. पुढे त्याला संगणकाचे रूप मिळाले : पडद्यावर तीन आकृत्या चेंडू फेकतात, त्यांतली एक आपण, आणि काही फेकींनंतर आपल्याकडे चेंडू येणे बंद होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवरून ६२ देशांतील १,४८६ जण हा खेळ खेळले, आणि ज्यांना चेंडू मिळाला नाही त्यांना वाईट वाटले. नंतरच्या प्रयोगांत तर, समोर माणसे नसून संगणकच चेंडू टाकतो आहे असे आधी सांगूनही लोकांना लागले. ऑस्ट्रेलियात, ज्या संघटनेचा आपल्याला तिटकारा आहे तिचे लोक चेंडू देत नाहीत असे भासवले, तरीही लागलेच.

नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि विल्यम्स यांनी २००३ मध्ये हाच खेळ १३ जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून खेळायला लावला. वगळले गेल्यावर मेंदूच्या मध्यभागातील अँटिरिअर सिंग्युलेट या पट्ट्याच्या वरच्या भागाची हालचाल वाढली, आणि ज्याला जितके अधिक लागले त्याच्यात ती तितकी अधिक दिसली. शारीरिक दुखण्यातला 'नकोसेपणा' जिथे नोंदला जातो, त्या जागांपैकी ही एक. आपल्या मुलाचे वाक्य इथून आले आहे. पुढचा भाग मात्र त्याने सांगितलेला दिसत नाही, आणि तो त्याच्या परीक्षेलाही उपयोगी पडेल. हाच पट्टा चूक लक्षात येते तेव्हाही काम करतो, दोन गोष्टींत ओढाताण होते तेव्हाही करतो. त्यामुळे तो उजळला म्हणजे वेदनाच झाली, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही; दादर स्थानकावर गर्दी दिसली म्हणून सगळेच गाडी पकडायला आले आहेत असे म्हणता येत नाही, तसे. शिवाय नुकताच प्रेमभंग झालेल्यांवरील २०११ च्या अभ्यासात शारीरिक वेदनेच्या आणखी काही जागा उजळलेल्या दिसल्या, पण २०१४ मध्ये अधिक बारकाईने पाहिल्यावर चटका बसल्यावरचा मेंदूतील हालचालीचा नमुना आणि नाकारले गेल्यावरचा नमुना वेगवेगळे ओळखता आले. एकाच इमारतीत दोन कार्यालये असावीत, जिना सामाईक असावा, पण टेबले निराळी, असे काहीसे चित्र आज दिसते.

आणि हे सारे अगदी निर्विवाद असते तरी त्याने आपले दुःख 'खरे' ठरले नसते, कारण ते ठरवायला मेंदूचे चित्र लागतच नाही. मराठीने ही तपासणी फार आधी केलेली आहे. आपण 'मनाला लागले' म्हणतो, 'जिव्हारी लागले' म्हणतो. शब्द बोचतो, टोमणा झोंबतो, मन दुखावते, जखमेवर मीठ चोळले जाते. अवमानासाठी वेगळे क्रियापद घडवण्याची गरज या भाषेला वाटली नाही, शरीराचेच पुरले. जगातल्या इतर अनेक भाषांतही असेच आढळते, आणि संशोधकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती काही अंशी त्यामुळेच.

दिरांच्या उत्तरात दोन धागे आहेत, ते सोडवून घेऊ. उपयोगाचा धागा असा : माणसाचे पोर जन्मल्यावर कित्येक वर्षे परावलंबी असते, आणि मोठेपणीही शिकार, अन्न, आजारपण, पोरे सांभाळणे यांत दुसऱ्याचा हात लागतोच. अशा प्राण्याला आपले लोक आपल्यापासून सुटू लागले आहेत हे लवकर कळणे फायद्याचे. मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी यांनी स्वाभिमानालाच पेट्रोलच्या काट्यासारखे मोजमाप म्हटले आहे. इतरांना आपण कितपत हवे आहोत हे तो दाखवतो आणि खाली येऊ लागला की अस्वस्थ करतो. असा इशारा थोडा जास्तच संवेदनशील असणे परवडते, कारण आग नसताना घंटा वाजली तर एक रात्र वाया जाते आणि आग असताना न वाजली तर सगळेच जाते. संगणकाने चेंडू टाकला नाही तरी लागते, ते यामुळे. इतिहासाचा धागा निराळा आहे. आईपासून तोडलेली कुत्र्याची पिल्ले केविलवाणी ओरडतात. याक पँकसेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले की मॉर्फिनची अगदी थोडी मात्रा दिली तर हे ओरडणे कमी होते. वेदनाशामक द्रव्यच ताटातुटीचे दुःखही शमवते, यावरून असा तर्क केला गेला की सस्तन प्राण्यांत आई-पिल्लाचे बंध तयार होताना त्यासाठी नवी वास्तू न उभारता वेदनेच्या जुन्या व्यवस्थेवरच मजला चढवला गेला. गिरगाव-परळच्या चाळींवर चढवलेले मजले पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. जिना जुनाच राहतो, आणि तळमजल्यावर हादरा बसला की वरची भांडी वाजतात.

मात्र दिरांचे सारे खरे मानूनही, घंटा त्या सहा जणींसाठीच का वाजली आणि ९.०२ च्या गाडीत रोज समोर बसणाऱ्या अनोळखी बाईने मान फिरवली तर का वाजत नाही, हे त्यातून कळत नाही. उत्क्रांतीचे उत्तर साऱ्या मानवजातीचे असते, आपले पत्र एका माणसाचे आहे.

म्हणून मातोश्रींचे म्हणणे मला अधिक मोलाचे वाटते, फक्त त्यांनी निवडलेला 'हळवी' हा शब्द सोडून. 'हळवी आहे म्हणून लागले' आणि 'लागते म्हणून हळवी' ही नुसती फुगडी झाली. परळच्या शाळेची आठवण मात्र खरे स्पष्टीकरण आहे. लहानपणी पुन्हापुन्हा नाकारले गेलेल्यांपैकी काही जण पुढे नकाराची धास्ती घेऊन वावरतात, तो इतरांआधी हेरतात आणि त्याने अधिक हलतात, असे जेराल्डीन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन यांनी १९९६ मध्ये मांडले. किशोरवयीन मुलींना चेंडूच्या त्याच खेळात प्रौढ बायकांपेक्षा अधिक लागते, असेही दिसले आहे. मधल्या सुट्टीत एकट्या बसलेल्या मुलीला जे समजले ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, स्टेटसवरचे फोटो सरकवत असताना, पुन्हा समजले असणार.

आता चौघांपैकी कोणीच जिकडे पाहिले नाही तिकडे. चौघेही आपल्या आत पाहत होते. मेंदूत, रक्तात, बालपणात, स्वभावात. पण घडले ते डब्यात. मी स्वतः बारा वर्षे हार्बरने प्रवास केला आहे, त्यामुळे हे ठामपणे लिहिते. गाडीतला ग्रुप मायेवर चालत असला तरी उभा असतो तो जागेवर. कोण कुठे उठणार, ती जागा कोणाला मिळणार, चौथ्या सीटवर आधी कोण टेकणार, पर्स कोणाच्या मांडीवर ठेवायची, याची रोजची देवघेव हाच त्याचा पाया. जी त्या गाडीला नाही ती या देवघेवीत नाही. आणि सहली ठरतात त्या घाटकोपर ते दादर या टप्प्यात, तोंडातोंडी. तेव्हा अलिबागचा बेत आपल्याला टाळायचा असे कोणीही न ठरवता ठरला असण्याची बरीच शक्यता आहे. नव्या व्हॉट्सॲप ग्रुपचे मात्र तसे म्हणता येणार नाही. तिथे एकेक नाव निवडून घ्यावे लागते. कोणीतरी सहा नावे घेतली आणि सातवे सोडले. आपल्याला उगाच वाटते आहे असे मी म्हणणार नाही.

आणि आणखी एक कारण आहे, इतके उघडे की ते कोणी सांगत नाही : आपल्याला लागले कारण त्या आपल्या मैत्रिणी होत्या. हे यंत्रणेचे कारण नव्हे, ते आपले कारण आहे. त्याचा विचार करता येतो, ते रास्त की अवाजवी असे विचारता येते, त्याबद्दल समोरच्याला जाब विचारता येतो. अँटिरिअर सिंग्युलेटला जाब विचारता येत नाही.

राहिले यजमान. विल्यम्स यांच्या मांडणीत वगळले जाण्याचे दोन टप्पे आहेत. पहिला तत्क्षणी येतो, कोणी वगळले नि का याची फिकीर न करता. दुसरा नंतर, जेव्हा माणूस अर्थ लावू लागतो, आणि इथे माणसामाणसांत खूप फरक पडतो. 'मनाला लावून घेऊ नकोस' हे पहिल्या टप्प्यात कोणाच्याही हातचे नाही, भाजल्यावर 'चटका लावून घेऊ नकोस' म्हणण्यासारखे आहे. दुसऱ्या टप्प्यात त्याला थोडा अर्थ येऊ शकतो. पण त्यासाठी त्यांना आधी त्या गाडीतल्या 'ओळखी' नव्हत्या हे कबूल करावे लागेल. पुढे काय करावे हे आपण विचारलेले नाही, म्हणून एवढेच लिहिते : जुन्या ग्रुपवर आणखी संदेश टाकू नका. सहांपैकी जी आपल्याला सर्वांत जवळची वाटते तिला फोन करा, आणि रविवारी करा; सकाळी ती डब्यात बाकीच्यांच्या मध्ये बसलेली असेल.

प्रश्न : प्रेमभंगाच्या दुःखावर तापाची गोळी चालते असे वाचले. खरे आहे का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : २०१० मध्ये नेथन डीवॉल आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांना तीन आठवडे रोज पॅरासिटामॉल दिले आणि त्यांनी, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, मन दुखावल्याची नोंद कमी केली. नंतरच्या अभ्यासांत मात्र हा परिणाम एकसारखा आढळलेला नाही. शिवाय जास्त मात्रेत पॅरासिटामॉल यकृताला गंभीर इजा करते, आणि सर्दी-तापाच्या कित्येक मिश्र गोळ्यांत ते असतेच, त्यामुळे नकळत मात्रा वाढते. तेव्हा या कामासाठी घेऊ नका. वरच्या उत्तराशी जोडून सांगायचे तर, लाल सिग्नलवर फडके टाकले की दिवा दिसेनासा होईल. रुळांवरचे पाणी होते तेवढेच राहील.

प्रश्न : आपण या सदरात नेहमी मेंदूबद्दल लिहिता. गावी माझ्या चुलत भावाच्या मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून समाजाने त्याच्या घराला वाळीत टाकले आहे. गणपतीच्या आरतीला कोणी आले नाही, वाणी माल देत नाही. भाऊ रात्र रात्र झोपत नाही. त्याच्या मेंदूत काय चालले आहे ते सांगाल?
— एक निवृत्त शिक्षक, गिरगाव

उत्तर : सांगणार नाही, गुरुजी, आणि आपला रोख मला समजला. त्यांच्या मेंदूत साधारण तेच चालले असेल जे मुलुंडच्या ताईंच्या चालले आहे, पण इथे 'का' विचारायचे ते मेंदूला नव्हे. रोटीबेटी बंद करणे हे कोणाच्या विसरण्यातून घडत नाही. बैठक भरवून, ठरवून, इतरांना धाक बसावा म्हणून ते केले जाते. भावाचे दुखणे हा त्या निर्णयाचा अनपेक्षित परिणाम नसून तोच त्याचा हेतू आहे. त्यांना 'मन खंबीर करा' असे सांगणे म्हणजे पंचांच्या कामाचा भार त्यांच्याच डोक्यावर देणे होईल.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर दीर्घ काळ या राज्यात थेट कायदा नव्हता. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवली आणि विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. समाजाच्या कार्यक्रमांतून वगळणे, व्यवहार तोडणे, तसे करायला इतरांना भाग पाडणे हे त्याखाली गुन्हे आहेत आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. तक्रार पीडित व्यक्तीला किंवा तिच्या घरातील कोणालाही पोलिसांकडे अथवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. वाण्याने कोणत्या तारखेला काय नाकारले, काय शब्द वापरले आणि तेव्हा दुकानात कोण उभे होते, हे भावाला आजपासून एका वहीत लिहून ठेवायला सांगा.